हाडाचा स्क्रू

माझा मूळ व्यवसाय फाउंटन पेन दुरुस्तीचा. पाइप माझ्याकडे आले ते एबोनाइटमुळे. जुन्या पेनांची नळकांडी, टोपणे आणि निबेखालची जीभ ज्या गंधक मिसळून कडक केलेल्या रबराची असते, त्याच रबरापासून तंबाखूच्या पाइपच्या तोंडाकडच्या नळ्याही शंभराहून अधिक वर्षे घडवल्या जात आहेत. त्यामुळे ज्याच्याकडे एबोनाइटच्या कांड्या आणि लेथ आहे, त्याच्याकडे आज ना उद्या कोणीतरी दातांनी चावलेला, उन्हाने हिरवट-तपकिरी पडलेला पाइप घेऊन येतेच. मी स्वतः धूम्रपान करत नाही आणि कोणाला त्याची शिफारसही करणार नाही. दुरुस्तीसाठी मात्र पाइपसारखी वस्तू नाही, कारण लाकूड, दगड, रबर, हाड, चांदी असे एकमेकांशी न पटणारे पदार्थ तिच्यात एकत्र नांदत असतात आणि एकाचे औषध ते दुसऱ्याचे विष ठरते.

याचा पुरेपूर प्रत्यय एका पावसाळ्यात आला. नव्वदीकडे झुकलेले एक निवृत्त लष्करी अधिकारी मुलीबरोबर पुण्यातल्या माझ्या दुकानात आले. मुलीच्या हातात बुटांचे खोके होते. “बाबांचे पाइप आहेत. डॉक्टरांनी केव्हाच बंद करायला लावलं, पण आता त्यांना ते नीट करून हवे आहेत,” त्या म्हणाल्या. “आणि हा एक पूर्वी पांढरा होता म्हणे. तो घासून परत पांढरा करून द्या.”

खोक्यात तीन पाइप निघाले. एक मक्याच्या कणसाचा, अमेरिकेत मिसुरी राज्यात होतात तशा बनावटीचा. त्याचा तळ जळून आरपार गेला होता. हे पाइप मुळात स्वस्तात घ्यायचे आणि जळले की टाकून द्यायचे, म्हणून तो मी बाजूला ठेवला. दुसरा डब्लिनच्या पीटरसनचा, ब्रायरचा. भूमध्य समुद्राकाठच्या एका झुडपाच्या बुंध्याशी जमिनीत वाढणारी गाठ म्हणजे ब्रायर. ती तासन्‌तास उकळून आतला चीक काढून टाकतात आणि मग महिनोन्‌महिने वाळवतात, तेव्हा कुठे ती विस्तवाला दाद देईनाशी होते. पीटरसनने १८९० च्या सुमारास पेटंट घेतलेल्या रचनेत तंबाखूच्या वाटीला नळीशी जोडणाऱ्या दांडीच्या पोटात एक खोलगा असतो, धुरातला ओलावा त्यात साठतो आणि ओढणाऱ्याच्या तोंडात कडू पाणी येत नाही. या पाइपचा खोलगा काळ्या गाळाने गच्च भरला होता आणि वाटीच्या आतली काजळी इतकी वाढली होती की करंगळीही आत जात नव्हती. ब्रायरला काजळीचा थर हवाच असतो, कारण तो लाकूड जळू देत नाही. पण नाण्याच्या जाडीपलीकडे गेला की तोच तापल्यावर फुगून वाटी तडकवतो. त्या पाइपचे काम रुळलेल्या वाटेचे होते. काजळी खरवडून बेताची ठेवली, वाटीत जाडे मीठ भरून त्यावर स्पिरिट सोडले आणि सकाळी तपकिरी झालेले मीठ झटकून टाकले. नळीवरच्या दातांच्या खुणा गरम हवेच्या झोताने वर आल्या, कारण चेपलेले एबोनाइट तापवले की आपल्या मूळ आकाराकडे परतू पाहते. गरम पाणी मात्र त्याला वर्ज्य. त्याने पृष्ठभाग आणखी हिरवट होतो, हे पेनवाल्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे.

खरा प्रश्न तिसऱ्याचा होता. चामड्याच्या, आतून मखमल लावलेल्या पेटीत तो बसवलेला होता. गरुडाच्या पंजाने धरलेले अंडे अशी त्याची वाटी होती. पंजा गडद तपकिरी, तर अंड्याचा वरचा भाग मधासारखा पिवळा. मुलीला तो हस्तिदंती वाटत होता. हातात घेताच लागलेल्या हलकेपणावरून तो मीरशॉम असल्याचे लक्षात आले. मीरशॉम हे मॅग्नेशियमयुक्त मऊ खनिज असून तुर्कस्तानात एस्किशेहिरच्या आसपास त्याच्या प्रसिद्ध खाणी आहेत. त्याचा सुका खडा पाण्यावर तरंगतो, ओला असताना तो सुरीने कापता येतो, आणि एकोणिसाव्या शतकात व्हिएन्नाच्या कारागिरांनी त्याच्यावर अद्भुत कोरीवकाम केले. घडवलेला पाइप मधमाश्यांच्या मेणात मुरवतात. पुढे धुरातला अर्क दगडात शोषला जातो, मेणाबरोबर पृष्ठभागाकडे येतो आणि पांढरा दगड वर्षानुवर्षे रंग धरत जातो. हा रंग म्हणजेच त्या पाइपची किंमत. तो घालवायचा तर गरुडाची नखे आणि पिसे घासून सपाट करावी लागली असती.

मी हे समजावून सांगत असताना म्हातारे गृहस्थ मध्येच म्हणाले, “पांढरा करायला सांगितलंय कोणी? ही नळी फिरवून निघत नाही, तेवढं बघा.” हा पाइप त्यांच्या वडिलांनी परतीच्या वाटेवरच्या एका इंग्रज कुटुंबाच्या सामानाच्या लिलावात घेतला होता. “खालचा रंग त्या साहेबाच्या मेहनतीचा. वरचा पिवळेपणा तेवढा माझा,” असेही ते म्हणाले, आणि त्यात थोडा अभिमान होता.

नळी अंबरची, म्हणजे झाडांच्या दगड बनलेल्या प्राचीन राळेची होती. नोटा तपासण्याच्या निळ्या दिव्याखाली ती दुधी-निळसर चमकली. जुन्या मीरशॉम पाइपमध्ये दांडी आणि नळी यांना जोडणारा, मधून धुराचे भोक असलेला हाडाचा स्क्रू असतो. भिंगातून पाहिले तर सांध्याच्या कडेला पांढुरकी धूसर रेघ दिसली. पूर्वी कोणीतरी सैल झालेले आटे क्षणात चिकटणाऱ्या गोंदाने कायमचे बंद करून टाकले होते. ज्याला पाइप साफ करण्यासाठी उघडावा लागतो याची कल्पना आहे, त्याने असे केले नसते.

आता पंचाईत अशी की हा गोंद सोडवणारा प्रत्येक उपाय दुसऱ्या कशाचा तरी घात करणारा होता. ॲसिटोनने गोंद विरघळतो, पण अंबर निस्तेज होते आणि दगडातले मेण निघून येते. उष्णतेने गोंद कमजोर होतो, पण त्याआधीच, ६२ ते ६४ अंशांना, मेण वितळते. पाण्यात ठेवावे तर मीरशॉम मऊ पडतो. जोर लावावा तर दांडीची कड बांगडीसारखी फुटणार. दगड आणि अंबर दोन्ही वाचवायचे असतील तर हाडाचा बळी द्यावा लागेल, असे मी दोघांना स्पष्ट सांगितले. गृहस्थांनी क्षणभर विचार करून मान डोलावली.

सोनार जाळी कापायला वापरतात ती बारीक करवत घेतली आणि केसासारखे पाते बरोबर गोंदाच्या रेघेवर टेकवले. पाते दगडाकडे कलले तर पांढरी भुकटी पडेल, अंबरकडे कलले तर राळेचा वास येईल, आणि हाडात शिरले की दाताच्या दवाखान्यात येतो तो वास येईल. म्हणजे नाकानेच दिशा राखायची होती. चार घासे, मग फुंकर, मग भिंगातून पाहणे, असे ते चालले. मध्येच एकदा राळेचा वास आला तेव्हा हात थांबवून पाते बदलले. अखेर हाडाचा वास आला, आणि काही वेळाने नळी अलगद माझ्या डाव्या तळहातात उतरली.

दोन्ही बाजूंना अडकलेले हाडाचे खुंट काढायला मशीन लावण्याची हिंमत नव्हती. हातात धरायच्या छोट्या ड्रिलने, ०.१ मिलिमीटरने वाढत जाणारी पाती एकामागून एक फिरवत मी मधले भोक रुंद करत गेलो. हाड कागदाइतके पातळ उरल्यावर सुईने कड उचलली, तेव्हा दगडातले आटे तसेच ठेवून ते वेटोळे होऊन बाहेर आले. अंबरच्या बाजूला मात्र ते तुकड्यातुकड्यांनीच निघाले.

नवा जोड नायलॉनचा केला: दांडीत आट्यांवर बसणारी खोबणी आणि नळीत बसवलेली खुंटी. खुंटीला फक्त लाखेचा पातळ हात दिला. पेनातली रबरी पिशवी चिकटवायला आम्ही लाखच वापरतो, कारण मंद उष्णतेने ती सुटते. वाटीतली काजळी इथे सगळी काढून टाकली. मीरशॉमला तिचे संरक्षण लागत नाही आणि जाड थराने तो तडकतो.

पाइप न्यायला आले तेव्हा गृहस्थांनी आधी नळी काढली आणि त्यांचा चेहरा उतरला. “नायलॉन? आत नायलॉन घातलंत?” हाडाचे आटे झिजतात, झिजले की नळी वाकडी बसते आणि मग कोणीतरी पुन्हा गोंद ओततो, हे मी सांगितले. ते त्यांना पटले, पण आवडले नाही. मुलगी पैसे देत होती, बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, आणि हे काउंटरशी उभे राहून नळी काढत होते, घालत होते, पुन्हा काढत होते.