दाराची आतली बाजू

जुनं पॅनेल गाडीच्या दारावरून निघालं तेव्हा त्याच्यावरच्या एका गुळगुळीत डागाकडे लक्ष गेलं. बशीएवढा असेल. बाकी रेक्झिनवरचे बारीक दाणे शाबूत, इथेच तेवढे झिजून चकचकीत झालेले. माझ्या आधीच्या कुणाकुणाची कोपरं तिथे टेकली असणार. गाडी १९६६ची एमजीबी, म्हणजे ब्रिटिश स्पोर्ट्स कार, ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनची. तो कारखाना १९८०मध्ये बंद पडला. कोपरवाले कुठे असतील देव जाणे.

गाडी बघायला येणारे क्रोम बघतात, तारांची चाकं बघतात, बॉनेट उघडायला लावतात. दाराच्या आतल्या अंगाचं कौतुक केलेला माणूस मला अजून भेटायचाय.

नवी पॅनेलं देखणी आहेत. हार्डबोर्डवर काळं रेक्झिन, कडेने लाल पायपिंग. हार्डबोर्डला हँडलसाठी भोक पाडलेलं असतं, वरचं रेक्झिन मात्र अखंड. त्यामुळे पॅनेल दारावर टेकवलं की काच फिरवायच्या दांड्याचं टोक मागून रेक्झिनला ढोसतं आणि तिथे टेंगूळ येतं. त्या टेंगळावर पात्याने छोटी फुली मारायची. नव्याकोऱ्या वस्तूवर पातं चालवायला हात धजत नाही. फोन स्पीकरवर होता आणि डोंबिवलीहून बाबा सूचना देत होते. "फुली लहान मार गं. मोठी नंतर करता येते."

"मारली."

"आणि प्लास्टिक?"

बाबांचा हा प्रश्न येणारच होता. काचेवरून ओघळणारं पाणी दारात उतरतंच. रबराची पट्टी थोडंफार अडवते, बाकीचं आत शिरतं आणि दाराच्या तळाच्या भोकांतून बाहेर पडतं. दार बनवलेलंच तसं असतं. म्हणून पॅनेलच्या मागे प्लास्टिकचा कागद चिकटवायचा, नाहीतर हार्डबोर्ड पाणी पितो. आमच्या फिएटला नवी पॅडं बसवताना कुशनवाल्याने तो कागद फाडून टाकला होता. पहिल्याच पावसाळ्यात पॅडं पापडासारखी फुगली. मला काय, चंगळच. मागच्या सीटवर खिडकीशी बसून मी तो फुगा बोटाने दाबायची, खळगा पडायचा आणि हळूहळू भरून यायचा. ओल्या हार्डबोर्डला एक गोडसर, कुबट वास येतो. खंडाळ्याचा घाट म्हटलं की इतरांना धबधबे आठवतात, मला तो वास. बाबा मात्र कुशनवाल्याचा उद्धार करत घाट चढायचे, आणि आई म्हणायची, "अहो, समोर बघा."

टॅक्सीत ही भानगड नव्हती. तिथे हँडलच नसायचं! कित्येक टॅक्स्यांत एकुलतं एक हँडल ड्रायव्हरपाशी. "भैया, काच" म्हटलं की ते मागे यायचं, काच खाली करायची, परत द्यायचं. जोराची सर आली की पुन्हा मागायचं, तोवर एक बाही भिजलेली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरमध्ये रस्त्यावरून गेली, तेव्हा सगळ्यांनी हळहळून लिहिलं. त्या हँडलबद्दल कुणी लिहिलेलं माझ्या तरी वाचनात नाही.

एमजीबीच्या आधीच्या एमजीएचं बरं होतं. त्या उघड्या गाडीला फिरवायच्या काचाच नाहीत, बाहेरून हँडलही नाही. आत हात घालायचा, दोरी ओढायची, दार उघडतं. तिचे मालक असल्या फुल्याबिल्या मारत बसत नाहीत. ते सरळ भिजतात.

असो. प्लास्टिक चिकटवलं, तळाची भोकं त्याच्याखाली दबली नाहीत ना ते बघितलं, आणि मुठीने ठोकत एकेक क्लिप बसवली. शेवटच्या क्लिपेचा 'टक्' बाबांनाही ऐकू गेला असावा, कारण लगेच म्हणाले, "बसलं." मग त्यांनी सांगितलं की फिएटचं एक हँडल अजून त्यांच्या खणात आहे. गाडी विकली तेव्हा काढून ठेवलेलं.

"म्हणजे घेणाऱ्याला एक कमी दिलंत?"

"त्याला दुसरं घेऊन दिलं बाजारातून."

"पण हे कशाला ठेवलंत?"

"असू दे गं. खायला मागतंय का?"

डावं दार अजून राहिलंय. या थंडीत रेक्झिन ताठरतं, हेअर ड्रायरने शेकत बसावं लागतं. एप्रिलमध्ये बघू.