पांबनचा जुना पूल: रामेश्वरला जाताय तर इथे थांबा

रामेश्वरला जाणारी आपली मंडळी देवदर्शनाच्या घाईत असतात. रामेश्वर बेटाला मुख्य भूमीशी जोडणारा पांबनचा पूल म्हणजे गाडीच्या खिडकीतून दोन फोटो, संपलं. आम्ही मुद्दाम अलीकडे मंडपमलाच उतरलो, रिक्षा केली आणि रस्त्याच्या पुलावर गेलो. 1988 सालचा हा पूल चांगलाच उंच आहे, त्यामुळे जुना आणि नवा असे दोन्ही रेल्वेपूल खाली स्पष्ट दिसतात.

जुना पूल 24 फेब्रुवारी 1914 रोजी सुरू झाला. मद्रासहून रेल्वेने बेटाच्या टोकावरचं धनुष्कोडी आणि तिथून बोटीने श्रीलंकेतलं तलैमन्नार, असा तेव्हाचा प्रवास. दोन किलोमीटरहून थोडी जास्त लांबी. समुद्रात खांब, त्यांवर पोलादी गर्डर, गर्डरांवर स्लीपर आणि रूळ, बाकी काही नाही. वारा ताशी 58 किलोमीटरच्या वर गेला की सिग्नल लाल होई आणि गाडी अलीकडेच उभी राही.

पण बघायचा तो बोटींसाठी उघडणारा गाळा, म्हणजे दोन खांबांमधला पुलाचा भाग. ही रचना शोधणाऱ्या अमेरिकी अभियंत्याच्या नावावरून त्याला शेर्झर गाळा म्हणतात. दोन पाती, प्रत्येकी सुमारे 415 टनांची. पात्याच्या बुडाशी नीट पाहा, तिथला भाग गोलाईचा आहे. पातं बिजागरीवर फिरत नाही, तर त्या गोलाईवर डोलखुर्चीसारखं मागे लोळतं. म्हणजे वर उचललं जाता जाता ते मागेही सरकतं आणि बोटीला वाट जास्त मोकळी मिळते. मागच्या बाजूला वजन तोललेलं असल्यामुळे माणसं नुसते दांडे फिरवून हाताने ही पाती उघडत!

डिसेंबर 1964च्या चक्रीवादळात धनुष्कोडीजवळ अख्खी पॅसेंजर गाडी समुद्राने गिळली. पुलाचे 145पैकी 126 गर्डर वाहून गेले, शेर्झर गाळा मात्र टिकला. दुरुस्तीचं काम रेल्वेतले तरुण अभियंते ई. श्रीधरन यांच्याकडे आलं. त्यांनी समुद्रात पडलेले गर्डर शोधून वर काढवले आणि 46 दिवसांत पूल पुन्हा उभा केला. पुढे कोकण रेल्वे बांधणारे श्रीधरन ते हेच.

डिसेंबर 2022पासून या पुलावरून गाड्या बंद आहेत. एप्रिल 2025मध्ये शेजारचा नवा पूल सुरू झाला. त्याचा 72.5 मीटरचा गाळा लिफ्टसारखा सरळ वर जातो. कामाला चोख, पण माझं मन जुन्यातच अडकलं. तो पाडायचं ठरलंय, तेव्हा बेत फार लांबवू नका आणि निघण्यापूर्वी चौकशी करा.

मदुराईहून दिवसाची गाडी घ्या, रात्री पुलावर काळोखाशिवाय काही दिसत नाही. रस्त्याच्या पुलावर गाडी उभी करून वाहतूक अडवू नका, पुढे सोडून चालत या. वारा बेफाम असतो, टोपी आणि मोबाईल सांभाळा. ऑक्टोबर ते डिसेंबर तिकडचा पावसाळा, त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारी उत्तम. हाताशी अर्धा दिवस असेल तर धनुष्कोडीला जुन्या स्टेशनाचे आणि चर्चचे अवशेष बघून या. पाणी मात्र रामेश्वरहूनच भरून न्या.