ओट्याचा टवका

आवाज फार मोठा झाला नाही. आई सिंकमध्ये वरवंटा धूत होती, साबणाच्या हातातून तो निसटला, सिंकच्या कडेवर आपटला आणि काहीच न झाल्यासारखा आत जाऊन पडला. काळ्या ग्रॅनाइटचा चिंचोक्याएवढा टवका उडाला.

"वरवंट्याला काही झालं नाही ना रे?" आईचा पहिला प्रश्न.

झालं नव्हतं. दोघे एकाच गोत्रातले, त्यामुळे कोण कोणाला भारी पडणार हे सांगणं तसं कठीणच होतं. वरवंटा सह्याद्रीचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट. आणि बाजारात 'काळं ग्रॅनाइट' म्हणून जे मिळतं ते पुष्कळदा डोलेराइट नाहीतर गॅब्रो असतं. घासून चमकणारा कठीण दगड तो ग्रॅनाइट, अशी व्यापाऱ्यांची सोपी व्याख्या. तप्त रस जमिनीवर येऊन झटपट थिजला की बेसाल्ट, पोटातच सावकाश थिजला की हे दुसरे दोघे. भाऊबंदकीच ती. फक्त वरवंट्याला कड नाही, ओट्याला आहे. दगड वरून कितीही भार झेलेल, कडेला मात्र तो हळवा. म्हणून तर ओट्याची कड गोल करून घेतात. आमच्या सिंकच्या कापाला ती गोलाई द्यायची राहून गेली होती.

आईच्या लहानपणी दगडाची दुरुस्ती म्हणजे टवके उडवणं. पाटा वापरून गुळगुळीत झाला की चटणी नुसती घसरते. मग "पाट्याला टाकीऽऽ" अशी हाळी देत बाई दारात यायची, छिन्नी-हातोडीने टक्-टक् करत पाट्याला पुन्हा खरखरीत करून द्यायची. त्याचे पैसे मोजून मिळत. इथे वरवंट्याने ते काम फुकटात केलं, तर घरात सुतक.

एका कारागिराला विचारलं. "पूरी पट्टी बदलनी पड़ेगी," तो म्हणाला, आणि जो आकडा सांगितला त्यात नवा मिक्सर आला असता. तेव्हा खाच भरायला अराल्डाइट हा चिकटवायचा मसाला आणला. दोन नळ्या, दोन्हींतून सारखं पिळायचं आणि घोटायचं. प्रश्न रंगाचा होता. मी काजळाच्या डबीत बोट घालणार, तेवढ्यात आई म्हणाली, "त्यात तूप असतं. घट्ट होईल का ते?" मग तिने निरांजन लावलं, वर तांब्याची वाटी पालथी धरली आणि तूप मिसळायच्या आधीची कोरडी काजळी चमच्याने खरवडून दिली. माझ्या काजळतिटीचं उरलेलं ज्ञान असं चाळीस वर्षांनी ओट्याच्या कामी आलं.

आधी टवक्याची खाच साबणाने धुऊन रात्रभर वाळवली, नेलपॉलिश काढायच्या पाण्याने पुसली. फोडणीचा ओशटपणा राहिला तर काहीच धरत नाही. खालून सेलोटेपचा बांध घातला. काळा मलम दाताच्या कोरणीने भरला, कडेपेक्षा किंचित उंच, कारण नंतर घासायचाच असतो. मधे बुडबुडा आला, तो सुईने फोडला. रात्रभर सिंक बंद, भांडी बाथरूममध्ये. सकाळी ब्लेड आडवं धरून उंचवटा खरवडला, मग घासायचा वॉटर पेपर, आधी खरखरीत मग बारीक: चारशे, आठशे, हजार नंबर. पाणी टाकत, गोल गोल. खांदा भरून आला. आणि काय झालं? मूळ दगडात बारीक चांदणं आहे, माझा तुकडा मात्र अमावास्येचा. समोरून पाहिलं तर कळत नाही. सकाळचं ऊन खिडकीतून तिरपं आलं की दिसतो. त्याच्यावर कढत कुकर ठेवायचा नाही असं मी जाहीर केलंय, उष्णतेने हा मसाला मऊ पडतो.

जुन्या घरातल्या कडप्प्याचं दुखणं वेगळं होतं. तो चुनखडीचा, त्यावर लिंबाची फोड विसरली की पांढरा डाग कायमचा. त्या डागांवर आई पोळपाट ठेवायची, आणि विषय संपायचा.

परवा तीळकुटाची चटणी झाली. आईने वरवंटा धुतला, दोन्ही हातांनी धरून जुन्या टॉवेलच्या घडीवर नेऊन ठेवला. मग सिंकच्या कडेवरून अंगठा फिरवत म्हणाली,

"कुठे होता रे तो?"

"अजून थोडं डावीकडे."