नव्वी टाकली तिथेच घोळ झाला

आमच्या घरच्या पोकरला पैसे नसतात, जुन्या शर्टांची बटणं असतात. प्रत्येकाला चाळीस. दादा तीसुद्धा पगारातून कापली जाणार असल्यासारखी एकेक मोजून लावतो.

सुरुवातीला आम्ही टेक्सस होल्डेम खेळायचो. दोन पत्ते हातात, पाच टेबलावर सगळ्यांचे सामायिक, त्यांतून पाचांचा सगळ्यात भारी हात जुळवायचा. हातातले भिकार आले की फोल्ड, म्हणजे डाव सोडायचा, मग बसा दुसऱ्यांची तोंडं बघत. शहाण्यासारखं खेळायचं तर बहुतेक डाव सोडूनच द्यावे लागतात, आणि वहिनी शहाण्यासारखंच खेळतात. म्हणजे त्यांची निम्मी संध्याकाळ मोबाइलमध्ये. मग ओमाहा करून पाहिला. हातात चार पत्ते, पण त्यातले बरोब्बर दोनच वापरायचे. टेबलावर चार बदाम आणि हातात बदामाचा एकटाच एक्का असला की माणूस फ्लश (एकाच चिन्हाचे पाच पत्ते) झाला म्हणून सगळी बटणं पुढे ढकलतो, आणि मग अर्धा तास भांडण.

आता वर्षभर क्रेझी पाइनॅपल चाललंय. सगळं होल्डेमसारखंच, फक्त प्रत्येकाला तीन पत्ते. फ्लॉपचे, म्हणजे टेबलावरचे पहिले तीन पत्ते उघडतात, त्यावरची बोली संपते, आणि मग डावात उरलेल्या प्रत्येकाने हातातला एक पत्ता पालथा टाकायचा. पुढे टर्न, रिव्हर, म्हणजे टेबलावरचा चौथा आणि पाचवा पत्ता, नेहमीप्रमाणे. (फ्लॉपच्या आधीच टाकला तर ते साधं पाइनॅपल. त्यात मजा नाही, कारण पुरेसा पश्चात्ताप होत नाही.)

तीन पत्त्यांमुळे हात एकदम देखणे दिसतात. होल्डेममध्ये हातातच जोडी १७ डावांत एकदा येते, इथे साधारण ६ डावांत एकदा. किमान दोन पत्ते एकाच चिन्हाचे (दोन्ही इस्पिक, दोन्ही बदाम असे) तर १०० पैकी ६० वेळा. त्यामुळे फोल्ड करायला कुणी तयारच नसतं. अर्थात समोरच्याचेही हात तितकेच देखणे असतात. एक्क्यांच्या नुसत्या जोडीवर डाव मारायची सवय दादाला बरीच बटणं खर्चून मोडावी लागली.

गेल्या खेपेची गोष्ट. माझ्याकडे इस्पिकची दश्शी, इस्पिकची नव्वी आणि किलवर दश्शी. फ्लॉपवर इस्पिक एक्का, इस्पिक पंजी, बदाम दश्शी. तीन दश्श्या झालेल्या, त्या कोण मोडणार? नव्वी टाकली. आजही तीच टाकेन. टर्नला इस्पिकची दुर्री आली. रिव्हरला किलवर राजा. वहिनींनी शांतपणे इस्पिकची सत्ती-अठ्ठी उघडली. फ्लश! माझी नव्वी हातात असती तर फ्लश माझाही होता, आणि त्यांच्यापेक्षा मोठा.

डाव संपेपर्यंत टाकलेल्या पत्त्यांना हात लावायचा नाही, हा आमचा एकच कडक नियम. डाव संपल्यावर मात्र वहिनींनी ढिगातून ती नव्वी शोधून काढली आणि माझ्यासमोर सुलटी ठेवली.

"भाऊजी, ही तुमचीच ना?"

मी गुपचूप पत्ते पिसायला घेतले.