आधी पाणी मुरू द्या

घरातल्या प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीसमोर बसलेला पाहुणा हमखास विचारतो, "समुद्र नाही, काही नाही, नाशकात ही प्रवाळं जगतात कशी? आम्हालाही मोठी टाकी बसवायचीय, आधी काय घेऊ?" तुम्हीही तेच विचारलंत म्हणून सांगतो: आधी समुद्री मीठ आणि खारेपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर. प्रवाळ सगळ्यात शेवटी.

माझी टाकी 5 फूट लांब, 2 फूट रुंद, 2 फूट उंच. साडेपाचशे लिटर पाणी, वर काच आणि दगड. वजन पाऊण टनाच्या घरात जातं. म्हणून आधी इंजिनिअरला दाखवून, खाली बीम आहे अशा भिंतीलगत ती बसवली.

नळाला येणारं गंगापूर धरणाचं पाणी आपल्याला गोड, पण टाकीत थेट चालत नाही. आरओ-डीआय या गाळणयंत्रातून टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, शून्यावर आणायचे आणि लिटरमागे साधारण 35 ग्रॅम मीठ मिसळायचं. पहिल्या भरणीलाच 20 किलोच्या आसपास लागलं. स्वयंपाकाचं मीठ नको, त्यात समुद्रातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम नसतं. मग महिना-दीड महिना पाणी मुरू द्यायचं. दगडांवर जिवाणू वसतात, अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं नायट्रेट करू लागतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्याशिवाय टाकीत जीव सोडू नका, कळकळीने सांगतो.

खरी कसोटी एप्रिलमध्ये. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात रोज सात-आठ लिटर पाणी उडतं. पहिल्या वर्षी पातळी उतरली की मी खारं पाणीच ओतायचो. पाणी उडतं, मीठ मात्र मागेच राहतं! दहा दिवसांत खारेपणाचा (विशिष्ट गुरुत्वाचा) आकडा 1.025 वरून 1.028 वर गेला आणि सगळी प्रवाळं मिटून बसली. भर घालायची ती बिनमिठाच्या आरओ पाण्याचीच, तीही रोज थोडी थोडी. तापमान चिलरवर, म्हणजे पाणी गार ठेवणाऱ्या यंत्रावर, 25-26 अंश. प्रवाळाच्या अंगात राहणारं सूक्ष्म शैवाल उजेडावर त्याचं अन्न बनवतं. पाणी तापलं की ते शैवालच निघून जातं आणि प्रवाळ पांढरं पडतं. वीज गेली तर बॅटरीवरचा हवेचा पंप हवाच.

कोकणातल्या किनाऱ्यावरून तुकडा उचलून आणायचा विचारही करू नका. खडक बांधणारी प्रवाळं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या, अनुसूचीत आहेत. मी मऊ प्रवाळंच ठेवतो, तीही टाकीत वाढवलेल्या कलमांची, पावती घेऊन.

त्यातलं लेदर प्रवाळ अधूनमधून कात टाकतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, गेलं. अंग आकसलेलं, वर मेणचट चकाकी. पाणी बदलायला बादली उचलली होती. पण आधी सगळं मोजलं; आकडे जागच्या जागी होते. बादली खाली ठेवली. पाचव्या दिवशी संध्याकाळी तो पापुद्रा प्रवाहात सुटून गेला आणि खालून एकेक बोंड वर आलं, प्रत्येकाला 8 इवले हात.