फियाट घेऊन ताम्हिणीतून कोकणात: माझा अनुभव

जुनी फियाट घरच्यांसकट कोकणात नेता येते का, या प्रश्नाला माझं उत्तर सरळ आहे: नेता येते, पण तापू द्यायची नाही. इंजिन तापतं, पेट्रोल तापतं, ब्रेकचे ड्रम तापतात आणि गाडी उभी राहते ती बहुतेक वेळा या तिघांपैकी एकामुळे. बाकीच्या तक्रारी किरकोळ असतात, रस्त्याच्या कडेला पाना-पक्कड घेऊन निस्तरता येतात. म्हणून माझी सगळी तयारी, रस्त्याची निवड आणि निघायची वेळ या उष्णतेभोवतीच ठरते.

गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी, जिला आपण सगळे फियाटच म्हणतो. १०८९ सीसी, कागदावर चाळीस अश्वशक्ती, स्टिअरिंगच्या दांडीवर चार गिअर, चारही चाकांना ड्रम ब्रेक. रिकाम्या गाडीचं वजन ९०० किलोच्या आसपास. चार माणसं आणि सामान मिळून साडेतीनशे किलो सहज होतं, म्हणजे गाडीच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. एकट्याने चालवताना गुणी वाटणारी गाडी सहकुटुंब घाटात वेगळीच वागते, त्याचं कारण हे.

कागदपत्रांचं आधी उरकतो. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली, मूळ रूपातली गाडी ‘विंटेज’ म्हणून नोंदवता येते आणि तिला ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो. १९७४च्या पद्मिन्या आता या वयात आल्या आहेत. पण सहलीला जायचं असेल तर ही नोंदणी घेऊ नका. तिच्यावर गाडी फक्त प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर काढता येते. सहलीसाठी साधी नोंदणी चालू ठेवायची, दर पाच वर्षांनी नूतनीकरण करायचं, पर्यावरण कर भरायचा, नवी सुरक्षा नंबरप्लेट लावायची. पीयूसीला या वयाच्या गाडीची मर्यादा ३ टक्के कार्बन मोनॉक्साइड आहे. कार्ब्युरेटर नीट लावलेला असेल तर ती आरामात पाळता येते.

आता इंजिन. फियाटच्या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, आणि त्यावरचं हेड अॅल्युमिनियमचं. एकदा सडकून तापलं की हेड वाकतं, गॅसकेट जातं आणि सहल तिथेच संपते. निघायच्या महिनाभर आधी रेडिएटर उतरवून रॉडिंग करून, म्हणजे नळ्यांत सळ्या घालून साफ करून घ्यावा. नुसतं पाणी मारून धुणं पुरत नाही, खालच्या नळ्या गाळाने बुजलेल्या असतात. वरचा-खालचा होज पाइप दाबून बघायचा. बोटाला मऊ, फुगीर लागला की बदलायचा, जुना डिकीत ठेवायचा. बोअरचं पाणी कधीही नाही. अॅल्युमिनियम आणि बीड एकत्र असल्यामुळे क्षारांच्या पाण्याने हेडच्या पाणवाटा आतून खाल्ल्या जातात. डिस्टिल्ड पाणी आणि गंजरोधक कूलंट, बस. इग्निशनचं टायमिंग मागे पडलेलं असेल तरीही गाडी तापते, आणि लोक विनाकारण रेडिएटर बदलत बसतात.

परीक्षा घरापासून घ्यावी. मी गाडीत चार माणसांचं वजन घालून पुण्याजवळचा दिवे घाट चढतो, तोही दुपारी. तापमानाचा काटा मध्याच्या थोडा वर जाऊन थांबला तर ठीक. चढतच राहिला तर कोकण विसरायचं आणि गॅरेज गाठायचं.

चढावर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये जरा फिरती ठेवायची. तिसऱ्यात टाकून कण्हत चढवली की इंजिनावर भार जास्त आणि पट्ट्यावरचा पंखा मात्र सावकाश फिरणार, म्हणजे दोन्हीकडून नुकसान. काटा लाल पट्टीकडे सरकला की वाऱ्याकडे तोंड करून थांबायचं, इंजिन दोन मिनिटं हलक्या रेसवर चालू ठेवून मग बंद करायचं, बॉनेट उघडायचं आणि किमान अर्धा तास रेडिएटरच्या झाकणाला हात लावायचा नाही. तापलेल्या हेडवर गार पाणी ओतणारा मदतनीस प्रत्येक घाटात भेटतो. त्याला गोड बोलून चहा पाजावा.

पेट्रोलचा विषय मात्र सवडीने घ्यायला हवा, कारण तो गेल्या काही वर्षांत बदललाय. आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. फियाटच्या जमान्यातलं रबर त्यासाठी बनलेलंच नव्हतं. टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतचे रबरी तुकडे, एसी पंपाचा, म्हणजे इंजिनावरच्या पेट्रोल पंपाचा, डायफ्राम (आतला रबरी पडदा), कार्ब्युरेटरची पॅकिंगं आधी फुगतात, मग चिरतात. डायफ्राम फाटला तर पेट्रोल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक काढून वास घ्यायची सवय म्हणूनच लावून घ्यावी; ऑइल पातळ होऊन पातळी वर आलेली दिसली तर गाडी चालूच करायची नाही. रबरी पाइप इंजेक्शनच्या गाड्यांना वापरतात त्या प्रतीचे घ्यावेत, मीटरने मिळतात. इथेनॉल हवेतलं पाणी शोषतं, म्हणून गाडी महिनोन्महिने उभी असेल तर टाकीच्या तळाशी गंज आणि पाणी साठतं. निघण्याआधी टाकी पूर्ण रिकामी करून तळ बघायचा आणि पंपाच्या अलीकडे पारदर्शक फिल्टर बसवायचा. गंजाचा चुरा कार्ब्युरेटरमध्ये जाण्याआधी डोळ्यांना दिसतो.

इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या जेटवर (कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोल मोजून सोडणाऱ्या छिद्रावर) हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ पडतं. लक्षणं अशी: सकाळी चोकशिवाय अजिबात उठत नाही, चढावर झटके, आणि प्लगचं टोक फिकट बदामीऐवजी पांढरंफटक. पातळ मिश्रण जास्त तापतं, म्हणजे पुन्हा मूळ दुखण्यावर आलो. मेन जेट एका नंबराने मोठा घालून बघायचा, म्हणजे ११५ असेल तर १२०, आणि पुन्हा प्लगचा रंग आणि पीयूसीचा आकडा तपासायचा.

व्हेपर लॉक हा पेट्रोलच्या दुखण्यांतला तिसरा भाऊ. एसी पंप इंजिनाला चिकटलेला असतो आणि मागच्या टाकीतून पेट्रोल ओढतो. ओढताना नळीत दाब कमी होतो, त्यात नळी गरम. पेट्रोलची वाफ होते आणि पंप नुसती वाफ हलवत बसतो. घाट चढून वर आलं, गाडी दहा मिनिटं फोटोला थांबवली आणि मग सुरूच होत नाही, हा याचाच प्रकार. ओल्या फडक्याने पंप आणि त्याला येणारी नळी गार केली की पाच-दहा मिनिटांत जीव येतो. जुन्या टॅक्सीवाल्यांचा उपाय आहे आणि अजून चालतो. कायमचा इलाज हवा असेल तर टाकीजवळ कमी दाबाचा विजेचा पंप बसवावा, दोन ते तीन पीएसआयचा. त्याहून जास्त दाबाचा बसवला तर कार्ब्युरेटरमधली पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई तो दाब धरत नाही आणि कार्ब्युरेटर ओसंडतो. या पंपाची वायर ऑइल प्रेशरच्या स्विचमधून घ्यावी, म्हणजे इंजिन बंद पडलं की पेट्रोल आपोआप बंद. घरची माणसं गाडीत असताना यात तडजोड नाही. कार्ब्युरेटरमध्येच पेट्रोल उकळून इंजिनात उतरलं असेल, तर बॉनेट उघडल्यावर कच्च्या पेट्रोलचा वास येतो. अशा वेळी चोक ओढायचा नाही. अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायचा, पंप करायचा नाही, आणि सेल्फ मारायचा.

पुण्याहून मुळशीमार्गे ताम्हिणी हा रस्ता मी निवडतो तो ब्रेक आणि चढ यांचा हिशेब करून. जाताना धरणाच्या पाण्याकडेने चढ सौम्य आहे, खरा उतार कोकणाकडच्या विळे गावाच्या बाजूला लागतो. म्हणजे जाताना कसोटी ब्रेकची, येताना रेडिएटरची. वरंध घाट देखणा आहे, पण पावसाळ्यात वारंवार बंद असतो आणि अरुंद वळणांवर समोरून एसटी आली की चढावर थांबून पुन्हा उचलायची वेळ येते. क्लचसाठी ते वाईट.

फियाटचा ब्रेक एकाच सर्किटचा. एका चाकाशी ब्रेक ऑइल गळलं तरी चारही ब्रेक गेले, हातात उरतो फक्त हँडब्रेक. म्हणून चारही चाकांच्या व्हील सिलिंडरची किट (आतल्या रबरी सीलांचा संच), मास्टर सिलिंडरची किट आणि पुढचे दोन, मागचा एक असे तिन्ही रबरी पाइप एकदमच बदलावेत. रबरी पाइप बाहेरून ठणठणीत दिसतो आणि आतून सुजलेला असतो. मग पेडल सोडलं तरी चाक मोकळं होत नाही. खूण सोपी आहे: चारेक किलोमीटर चालवून चारही ड्रमजवळ हात न्यायचा. एखादं चाक जास्त भाजत असेल तर ते अडकतंय.

ब्रेक ऑइल दरवर्षी नवं. डॉट ३ ताजं असताना २०५ अंशांना उकळतं, पाणी शोषलेलं १४० लाच. घाटात हा फरक पेडलला कळतो. ताम्हिणी उतरताना वरूनच दुसरा गिअर टाकायचा. उताराच्या मधोमध दांडीशी झटापट नको. पाय ब्रेकवर ठेवून उतरायचं नाही. वेग वाढला की ठाम दाबायचा, कमी झाला की पूर्ण सोडायचा. ड्रम तापून फुगतो आणि लायनरपासून (ड्रमला आतून घासणाऱ्या पट्टीपासून) लांब जातो, म्हणून पेडल खाली जातं. दोनदा मारल्यावर वर आलं तर ते साधं आहे, पुढच्या रुंद जागी थांबून गार करावं. पण पेडल स्पंजासारखं लागलं तर ऑइल उकळलंय. लगेच थांबायचं, चाकाला लाकडी ठोकळा लावायचा आणि तासभर मुलांना माकडं मोजायला सांगायचं. गरम ड्रमवर पाणी ओतायचं नाही, बीड तडकतं.

डेल्कोचे, म्हणजे प्लगना वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचे, पॉइंट १६ थाऊच्या (हजारांश इंचाच्या) फटीला लावतो, प्लग २५ ला. इलेक्ट्रॉनिक इग्निशन चांगलं असतं, पण ते गेलं तर कोकणातल्या केळशीत काही मिळत नाही; पॉइंट कानसून परत चालवता येतात. नव्या कंडेन्सरवर माझा विश्वास नाही. जो गाडीवर काही महिने बिनतक्रार चालला तोच काढून सुटा म्हणून ठेवतो, नवा गाडीवर बसवतो. डिकीतल्या पेटीत याशिवाय कॉइल, रोटर, पट्टा, एसी पंपाची किट, क्लच आणि अॅक्सिलरेटरच्या वायरी, अर्धा लिटर ब्रेक ऑइल, दोन लिटर २०डब्ल्यू-५० ऑइल, पाच लिटर पाणी आणि सीटखाली अग्निशामक. टॅक्सी होत्या तोवर हे सगळं नाना पेठेत किंवा कुर्ल्याला सहज मिळायचं. मुंबईतली पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये कायमची थांबली, आता सुटा भाग दिसला की घेऊन ठेवावा.

टायरची तारीख बघा, नक्षी नाही. बाजूच्या चार आकड्यांतले पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. सहा-सात वर्षांपुढचा टायर भरल्या गाडीला लावू नये, स्टेपनीसुद्धा.

श्रीवर्धन पुण्यापासून साधारण १६० किलोमीटर. पहाटे पाचला निघून ऊन चढायच्या आत घाट उतरायचा, माणगावला न्याहारी, म्हसळ्यावरून दुपारच्या जेवणाला मुक्कामी. वेग पन्नास ते साठ. दिवसाला यापेक्षा जास्त अंतर घरच्यांना घेऊन करू नये. एसी नाही, त्रिकोणी काच उघडून येईल तेवढाच वारा. पुढे बागमांडला ते वेश्वी फेरीबोट, मग केळशी, आडे, आंजर्ले, दापोली. श्रीवर्धन आणि दापोलीला टाकी भरून घ्यायची. आंजर्ल्याकडचे चढ आखूड पण खडे आहेत. पहिल्या गिअरला लाज नाही.

फेरीत गाडी घालताना ओहोटी असेल तर उताराचा कोन जास्त असतो आणि मागच्या बाजूला सायलेन्सर घासतो. मागच्या सीटवरची मंडळी खाली उतरवली की पाटे (मागच्या पात्यांच्या स्प्रिंगा) वर येतात आणि पाच-सात सेंटिमीटर मोकळे मिळतात. रांगेत इंजिन बंद ठेवावं, पण नंबर यायच्या जरा आधी सुरू करून बघावं; बोटीच्या तोंडाशी व्हेपर लॉक झाला तर अख्खं गाव ढकलायला येतं आणि सल्लेही देतं. बोटीवर गिअरमध्ये, हँडब्रेक ओढून, ठोकळा लावून. जेट्टीवरच्या पाण्याने ड्रम भिजतात, म्हणून बाहेर पडल्यावर सावकाश चालवत ब्रेक चार-पाच वेळा हलके दाबून सुकवायचे.

मुलांसाठी एक काम जाण्याआधी करावंच: सीटबेल्ट. पट्टा नुसत्या पत्र्याला नटबोल्टने आवळू नये. फियाटचा फरशीचा पत्रा मॅटखाली गंजलेला असतो, झटक्यात बोल्ट उपटून येतो. खालून तीन मिलिमीटरची पट्टी वेल्ड करून मग बोल्ट. मागच्या दारांना चाइल्ड लॉक नाही, तेव्हा दाराकडेला मोठी माणसं, मधे मुलं. छतावर कॅरिअर नको. वजन वर गेलं की ही गाडी वळणात डोलते आणि मुलांना मळमळतं.

परतताना ताम्हिणी चढायची असेल तर विळ्याला सकाळी सातच्या आत असावं. घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी गाडी रॅम्पवर घेऊन गोड्या पाण्याने खालून धुवायची, विशेषतः पाट्यांच्या मधे आणि दारांच्या तळाशी, जिथे खारट चिखल बसतो. पाणी निथळलं की ग्रीस भरायच्या सगळ्या निपलांत नवं ग्रीस मारायचं, जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत. मग ड्रम उघडून लायनर आणि व्हील सिलिंडरच्या कडा बघायच्या. ओल दिसली तर किट बदलूनच गाडी झाकून ठेवायची.