फालासार्ना अपडेट ३: बंदर आहे, पाणी नाही

मागच्या वेळी मॉडेलचा बेस झाला म्हणून मिरवलं होतं ना, तो अर्धा उखडावा लागला, आणि चूक शंभर टक्के माझीच. ग्रीसच्या क्रीट बेटाच्या पश्चिम टोकाचं प्राचीन बंदर फालासार्ना, त्याचं मॉडेल करतोय, स्केल १:५००, कंटूर (सारख्या उंचीच्या रेषा) घेतले आजच्या मॅपवरून, ५ मिमीच्या फोमशीट एकावर एक चिकटवत गेलो, शून्याच्या कंटूरपर्यंत निळा रंग मारला आणि बघतो तर बंदर ठणठणीत कोरडं! २० बाय १५ सेंमीचा हौद (खरा साधारण १०० बाय ७५ मीटर) आणि समुद्र कुठेतरी खाली लांब.

मग ट्यूब पेटली. इ.स. ३६५च्या भूकंपात हा अख्खा किनारा वर उचलला गेला, इथे साधारण साडेसहा मीटर. म्हणजे मॉडेल आजच्या हिशोबाने बरोबरच होतं, बंदर आजही जमिनीवरच आहे. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश नौदलाच्या कॅप्टन स्प्रॅटने तिथे जाऊन ओळखलं की समुद्र आटला नाही, जमीन वर आलीय. मी हे वाचलेलं होतं हो, तरी दोन रविवार घालवले.

साडेसहा मीटर म्हणजे १:५००ला १३ मिमी, म्हणजे जवळपास अडीच शीट. ती अर्धी शीट फार छळते, पॉलिश पेपरने घासून घासून हात दुखले. पण पाणी १३ मिमी वर घेतलं आणि बंदर एकदम जिवंत झालं, भोवती तटबंदी, बुरुज, समुद्राकडे जाणारा अरुंद कालवा, जुन्या ग्रीक सागरी वर्णनात याला ‘बंद बंदर’ का म्हटलंय ते डोळ्यांना दिसतं. मागचा डोंगर अजून पांढराच आहे, त्या भूशिराचं नाव कुत्री (हसू नका, खरंच आहे).

कालव्याच्या तोंडाशी १९८६पासूनच्या उत्खननात मोठमोठे दगड टाकलेले सापडले. इ.स.पू. ६९ ते ६७मध्ये रोमन सेनापती मेटेलसच्या फौजेने क्रीट जिंकलं, चाच्यांचा बंदोबस्त हे कारण, तेव्हाच तोंड बुजवलं असं उत्खनन करणारे मानतात. मी दगड टाकणार नाही, मला त्याआधीचं, चालू बंदर हवंय.

आता धक्क्यावरचे जहाजं बांधायचे भोकाचे दगड. या स्केलला भोक विसरा, एकेक खसखशीचा दाणा चिमट्याने फेव्हिकॉलवर ठेवतोय. एकवीस झाले. अनारशांची खसखस कुठे गेली म्हणून घरात चौकशी सुरू आहे.